डोळे मिटून शनी

"दुर्बीण ना? मी डोळे मिटून चालवीन," असं भिंगरीने जाहीर केलं तेव्हा ती वेधशाळेच्या पायरीवर उभी होती, हातात किल्ल्यांचा जुडगा होता आणि चेहऱ्यावर असा भाव होता, की जणू शनीची कडी तिनेच सकाळी घासूनपुसून वर टांगली आहेत.

खालच्या पायरीवर पान्हेकाका एका चाकाला तेल देत बसले होते. वेधशाळेत जे जे फिरतं, उघडतं किंवा करकरतं ते सगळं त्यांच्या ताब्यात, आणि खिशात कायम एक पान्हा, म्हणून ते पान्हेकाका. त्यांनी मान वर न करता विचारलं, "डोळे मिटून आकाश बघायला दुर्बीण कशाला लागते? उशी पुरते."

भिंगरीने ते कानाआड केलं. मोठ्या माणसांना पायऱ्यांवर बसलेले लोक टोमणे मारतातच.

भिंगरी नववीत होती. एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून आजोबांनी ठेवलेलं हे नाव. मागच्या महिन्यात शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत तिने पहिल्यांदा माईक धरला, टाळ्या पडल्या, आणि तेव्हापासून तिचा आत्मविश्वास मंद आचेवर विसरलेल्या दुधासारखा उतू जात होता. घरी जेवताना पाण्याचा तांब्या मागायचा असला तरी "आणि आता आपल्या भेटीला येत आहे..." अशी सुरुवात व्हायची. मावशी म्हणायची, "हिला कोणीतरी बंद करायचं बटण लावा."

टेकडीवरची ती वेधशाळा भिंगरीची आई चालवायची. खाली तारांगण, म्हणजे गोल छताचा हॉल, जिथे भर दुपारी रात्र करून दाखवता येते. वर लोखंडी जिना चढून गेलं की घुमट, आणि घुमटात ती लांबलचक दुर्बीण. फाटकाच्या आत पाऊल टाकलं की आईला आई म्हणायचं नाही, मॅडम म्हणायचं, हा नियम मॅडमचाच. मॅडमचे नियम बरेच होते. त्यातले दोन भिंगरीला झोपेतही पाठ होते. पहिला, पाहुणे आधी, आपण शेवटी. रांग संपेपर्यंत वेधशाळेच्या माणसाने दुर्बिणीला डोळा लावायचा नाही. दुसरा, पाहुणे वर येण्याआधी मात्र एकदा स्वतः बघून खात्री करून घ्यायची.

नियम दोन्ही चांगले होते. ते एकाच वेळी अंगावर आले तर काय करायचं, एवढंच मॅडमने सांगून ठेवलं नव्हतं.

त्या शनिवारी सगळ्यांना शनी दाखवायचा कार्यक्रम होता, आणि नेमका मॅडमचा घसा बसला. आठवडाभर शाळांच्या पोरांना ग्रहमाला समजावून त्यांच्या आवाजाचं पार चिपाड झालं होतं. त्या आता हातवारे करून बोलत होत्या, आणि लांबच्या माणसासाठी एक पितळी घंटा गळ्यात अडकवून फिरत होत्या.

"आजचं सगळं तू बोल," त्या भिंगरीच्या कानाशी कुजबुजल्या. "नीट पार पडलं, तर दर शनिवारची संध्याकाळ तुझी."

दर शनिवारची संध्याकाळ! भिंगरीला एकदम आपण उंच झाल्यासारखं वाटलं.

पण खरी गोष्ट होती आजोबांची. आजोबांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. पट्टी निघाल्या दिवशीच त्यांनी घरात ठराव मांडला होता, "नव्या डोळ्याने लांबची पहिली वस्तू बघेन ती शनी. आणि तोही भिंगरीच्या हातचा." त्यांचं एकदा सांगून झालं म्हणजे झालं. परवा चंद्र समोरच्या गच्चीवर आला, तर आजोबांनी उठून खिडकी लावून घेतली. "थांब जरा, तुझा नंबर नंतर," असं चंद्राला म्हणाले. चालताना ते जमिनीकडे बघत, न जाणो, चुकून दुसरं काही लांबचं दिसलं तर! मावशी त्यांचा हात धरून फिरायची आणि मनातल्या मनात शनीच्या नावाने बोटं मोडायची.

दुपारी पान्हेकाकांनी दुर्बिणीच्या तोंडावरचं टोपण काढलं, भिंग मऊ फडक्याने पुसलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "झालं. आता कोणी हात लावायचा नाही." मग ते घुमटाच्या चाकांना तेल द्यायला गेले. तेल पाजून झाल्यावर त्यांनी घुमट एकदा गरागरा फिरवला, आणि वरून गंजाची बारीक भुकटी पडायला लागली.

भिंगरी तेव्हा तिथेच होती. नुकतंच पुसलेलं भिंग आणि वरून ही भुकटी! ती शिडी घेऊन सरसर वर चढली आणि तोंडावर टोपण पुन्हा घट्ट बसवून टाकलं. मोठ्या पातेल्यावरच्या झाकणाएवढं, काळं कुळकुळीत टोपण. खाली उतरून तिने स्वतःची पाठ थोपटायचा प्रयत्न केला, पण हात पुरला नाही. चाकं थांबली की काढू, असं ती म्हणतेय तोच खालून घंटा घणघणली. तारांगणात लोक येऊन बसले होते.

आणि तारांगणात काय सांगावं, भिंगरी अशी काही बोलली! दिवे मंद झाले, छतावर सूर्य मावळला, एक एक करत तारे उगवले, आणि अंधारातून तिचा आवाज आला, "मंडळी, आता श्वास जरा सावकाश घ्या. आपण खूप लांब चाललो आहोत." मागच्या ओळीत कोणीतरी खरोखर श्वास रोखला. शेवटी टाळ्या इतक्या पडल्या की टोपण, शिडी, गंज आणि पान्हेकाका हे सगळं तिच्या डोक्यातून धुऊन निघालं.

बाहेर नुकतंच अंधारून आलं होतं. भिंगरी दोन दोन पायऱ्या टाकत घुमटात पोचली. मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर एक छोटी दुर्बीण बसवलेली असते, नेम धरण्यासाठी. त्यातून तिने शनी शोधला, तो पिवळसर ठिपका बरोबर मध्यावर आणला आणि दुर्बीण शनीच्या मागे फिरवत ठेवणारी मोटर सुरू केली. आता मोठ्या दुर्बिणीला डोळा लावायचा, की झाली खात्री.

तेवढ्यात मागे खाकरण्याचा आवाज आला. वेधशाळेच्या ट्रस्टचे अध्यक्षसाहेब. त्यांना आकाशापेक्षा वेळापत्रक जास्त आवडायचं, आणि ते नेहमी कार्यक्रमाच्या आधी पोचायचे, म्हणजे कार्यक्रम उशिरा सुरू झाला असं म्हणता येतं.

"मी आहे तोवर बघून घेतो," ते म्हणाले.

झाली पंचाईत. पाहुणा दारात उभा असताना आपण आधी डोळा लावायचा? पाहुणे आधी! भिंगरी अदबीने बाजूला झाली. "पान्हेकाका, टोपण काढलंय ना?" तिने सहज विचारलं.

"दुपारीच काढलं, माझ्या हातांनी," जिन्यातून काका म्हणाले. ते काही खोटं बोलत नव्हते.

अध्यक्षांनी स्टुलावर चढून डोळा लावला. भिंगरीने गळा साफ केला. "साहेब, मधोमध पिवळसर गोळा दिसेल. भोवती कडं. जरासं तिरपं, घाईत घातलेल्या टोपीसारखं. दिसतंय ना?"

अध्यक्षांनी डोळा आणखी जवळ नेला. त्यांनी चष्मा काढला. पुन्हा घातला. मागे रांग वाढत होती आणि सगळ्यांचे डोळे त्यांच्या पाठीवर होते.

"हो, हो," ते म्हणाले. "कडं ना? तिरपं आहे. अगदी स्वच्छ."

ते खाली उतरले आणि रुमालाने चष्मा पुसत कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. एकदा अध्यक्षांना दिसलं म्हटल्यावर कोणाची छाती होती दिसलं नाही म्हणायची?

पुढे भिंगरीच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाई. "मी इतकी वर्षं फळ्यावर काढत आले," त्या डोळा काढून म्हणाल्या, "तस्सा आहे. इकडचा तिकडे नाही." त्यांच्यामागे डोळ्यांचे डॉक्टर, आजोबांचं ऑपरेशन करणारे. त्यांनी आधी उजवा डोळा लावला, मग डावा, मग पुन्हा उजवा. "अप्रतिम," ते म्हणाले. "कड्यातली बारीक फटसुद्धा दिसते."

भिंगरी थक्क झाली. ती फट पहिल्याच नजरेत कोणाला दिसत नाही. डॉक्टर ते डॉक्टरच!

मग तर चढाओढच लागली. एका गृहस्थांना शनीचे चंद्र दिसले. एका काकूंना कडं फिरताना दिसलं. एक बारकी मुलगी आईच्या कडेवरून वाकली, तेव्हा भिंगरीला वाटलं, ही तरी काहीतरी भलतंच बोलणार. ती बोललीच. म्हणाली, "मला तिथे एक माणूस पण दिसला. त्याने टाटा केलं."

गंमत म्हणजे खाली उतरलेला जो तो डॉक्टरांच्या कानाशी लागत होता. "उद्या सकाळी जरा येऊन जाऊ का? सहजच." "डोळे तपासून बरेच दिवस झाले, नाही का डॉक्टर?" डॉक्टर "या ना, या ना" म्हणत होते आणि स्वतः मात्र एकदा हा डोळा झाकून, एकदा तो झाकून भिंतीवरचा लाल दिवा बघत होते. भिंगरीला वाटलं, काय ही लोकप्रियता!

रांगेच्या शेवटी मॅडम उभ्या होत्या. त्यांनी भिंगरीकडे बघून डोक्यावरची नसलेली टोपी वर उचलल्यासारखी खूण केली, आणि भुवया उंचावल्या. भिंगरीचा ऊर भरून आला. टोपी उतरवून आईने मानलं आपल्याला! तिने कमरेत वाकून, छातीवर हात ठेवून त्या मानाचा स्वीकार केला आणि जोरजोरात मान डोलावली. मॅडमचं समाधान झालं. त्या विचारत होत्या, टोपण काढलंस का?

मग आले आजोबा.

मावशीने त्यांना हाताला धरून स्टुलावर चढवलं. आजोबांनी शर्टाच्या गुंड्या नीट केल्या, केसांवरून हात फिरवला. भिंगरीने सगळ्यांसाठी तोंडपाठ म्हटलेलं वर्णन या वेळी म्हटलंच नाही. नुसतं म्हणाली, "बघा आजोबा."

आजोबांनी नवा डोळा लावला.

"काही दिसत नाही गं."

"जरा जवळ जा."

"आणखी जवळ गेलो तर पलीकडून निघेन. अंधार आहे बाळ. काळाकुट्ट."

"असं कसं?" मावशीचा आवाज चिरकला. "सगळ्यांना दिसला! अहो, त्या चिमुरडीला माणूस दिसला! डॉक्टर, ह्यांना काहीच दिसत नाहीये!"

डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. ते लगबगीने पुढे आले आणि आजोबांसमोर हात धरून म्हणाले, "बोटं किती?"

त्या अंधुक लाल उजेडात आजोबांनी मान पुढे केली. "बोटं आहेत का तिथे?"

मावशीने पदर तोंडाला लावला. डॉक्टरांनी वाकून स्वतःच्या हाताकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून असं वाटलं, की त्यांनाही नक्की सांगता येत नव्हतं.

"दवाखान्यात नेऊया," ते म्हणाले. "आत्ताच. कदाचित पुन्हा उघडून बघावं लागेल."

"माझ्या नणंदेचं असंच झालं होतं," भूगोलाच्या बाई म्हणाल्या. पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, त्यामुळे ते फारच भयंकर वाटलं. अध्यक्ष गाडी काढायला सांगत होते. मावशी पान्हेकाकांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती आणि काका पान्हा हातात धरून खांबासारखे उभे होते.

आजोबा मात्र स्टुलावरून हलले नाहीत. "एवढे दिवस जपून ठेवली होती पहिली नजर," ते हळूच म्हणाले. "असू दे. पण जायच्या आधी मला सांगा तरी, कसा होता?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. नाही कसं म्हणणार?

"पिवळा," अध्यक्ष म्हणाले. "चांगला पपनसाएवढा."

"एवढा कुठे?" बाई म्हणाल्या. "चण्याएवढा. आणि पांढरा."

"कडं उभं होतं," एक गृहस्थ म्हणाले.

"आडवं," काकू म्हणाल्या.

"त्याने लाल शर्ट घातला होता," बारकी म्हणाली.

भिंगरी ऐकत होती. एका संध्याकाळचा एकच शनी, आणि इतके प्रकार? तिने मॅडमच्या पहिल्या नियमावर पाणी सोडलं, आजोबांच्या खांद्यावरून वाकली आणि दुर्बिणीला डोळा लावला.

काळोख. शाईच्या दौतीत डोकावल्यासारखा.

'मलापण!' तिच्या मनात आलं. 'म्हणजे हे खानदानी आहे! आधी आजोबा, आता मी, आणि मधे आई!' तिने घाबरून दुसरा डोळा लावला. तोही काळोख. मग दोन्ही डोळ्यांनी इकडेतिकडे बघितलं. लाल दिवा दिसत होता. मावशी दिसत होती. काकांचा पान्हासुद्धा. डोळे तर शाबूत होते. मग...

ती सावकाश मान वर करत गेली. दुर्बिणीची नळी चढत चढत घुमटाच्या फटीपर्यंत गेली होती, फटीत तारे चमचमत होते, आणि नळीच्या टोकाला, ताऱ्यांच्या मधोमध, मोठ्या पातेल्यावरच्या झाकणाएवढा एक काळा गोल होता.

दुपारचं ते पाठ थोपटणं तिला आठवलं.

तुम्हीच सांगा, काय करायचं? बोलावं, तर अध्यक्ष, बाई, डॉक्टर, झाडून सगळे भर घुमटात उघडे पडणार, आणि दर शनिवारची संध्याकाळ त्याच दुर्बिणीतून उडून जाणार. न बोलावं, तर आजोबांचा धडधाकट डोळा हे लोक पुन्हा उघडणार. आईने शनीच्या बाबतीत 'साडेसाती' हा शब्द वेधशाळेत उच्चारायला बंदी केली होती, नाहीतर भिंगरीने तो तिथल्या तिथे उच्चारला असता.

"एक मिनिट," ती म्हणाली. आवाज वक्तृत्व स्पर्धेतला नव्हता, तोंडी परीक्षेतला होता. "भिंगावर थोडं दव आलंय बहुतेक. पुसते."

तिने शिडी लावली. पटकन टोपण काढायचं, ओढणीखाली घालायचं, आणि आजोबांना म्हणायचं, आता बघा. कोणाची अब्रू जाणार नाही, कोणाचा डोळा जाणार नाही. बेत झकास होता. फक्त टोपण तिने दुपारी फारच जबाबदारीने बसवलं होतं. ओढलं, निघेना. जोर लावला, निघेना. सगळं बळ एकवटून हिसडा दिला, आणि टोपण सुटलं ते थेट हातातूनच.

ठण्ण! ते जमिनीवर आपटलं, कडेवर उभं राहिलं आणि घुमटभर गोल गोल घरंगळत निघालं. लोक पाय उचलून वाट देत होते. शेवटी ते अध्यक्षांच्या बुटाशी गेलं, तिथे जागच्या जागी थरथरलं आणि निपचित पडलं.

अध्यक्षांनी ते उचललं. "हे काय आहे?"

भिंगरी शिडीवर होती. तिथून पळायचं म्हटलं तरी वाट फक्त शनीकडे जात होती.

"टोपण आहे," ती म्हणाली. "दुर्बिणीचं. काकांनी काढलं होतं, मी परत लावलं. आत्तापर्यंत लावलेलंच होतं. आजोबांचा डोळा चांगला आहे. त्यांना जे दिसलं, तेवढंच दिसण्यासारखं होतं."

अध्यक्ष टोपणाकडे बघत होते. भूगोलाच्या बाईंना आपल्या चपलेचा पट्टा फार महत्त्वाचा वाटायला लागला. गृहस्थ काकूंकडे बघेनात आणि काकू गृहस्थांकडे. एकटी बारकी शांत होती. तिचा माणूस टोपणाच्या अलीकडे उभा असणार.

आणि मग आजोबा हसले. आधी खुदखुदले, मग खांदे हलायला लागले, मग स्टूल हलायला लागलं. "डॉक्टर," ते म्हणाले, "तुम्ही कमाल केलीत हो. मी एका डोळ्याने काहीच बघितलं नाही, तुम्ही दोन डोळ्यांनी फटसुद्धा बघितलीत."

डॉक्टर लाल झाले, पण त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलेलं स्पष्ट दिसत होतं. "मला वाटलं, माझेच डोळे गेले," ते पुटपुटले. "उद्या दुसऱ्या डॉक्टरांकडे जाणार होतो."

"आणि मी तुमच्याकडे येणार होतो," गृहस्थ म्हणाले.

"मी पण," काकू म्हणाल्या.

तेव्हा कुठे भिंगरीला डॉक्टरांच्या लोकप्रियतेचा उलगडा झाला.

आजोबांनी पुन्हा डोळा लावला. या वेळी कोणी वर्णन केलं नाही. मावशी डोळे पुसायचं थांबवून त्यांच्याकडे बघत राहिली.

"आहे गं," शेवटी ते म्हणाले. "कडं आहे. खरंच आहे. इवलासा आहे, पण किती निगुतीने केलेला आहे." आणि थोड्या वेळाने, डोळा न काढता, "ही नजर आणखी वर्षभर जपावी लागली असती तरी चाललं असतं."

रांग पुन्हा लागली. अगदी मुकाट्याने लागली. या वेळी जो डोळा लावी तो "अरे!" म्हणे आणि उतरायलाच तयार नसे. भूगोलाच्या बाई तर इतका वेळ चिकटून राहिल्या की मॅडमना घंटा वाजवावी लागली. उतरताना त्या म्हणाल्या, "सोमवारी फळ्यावरचा बदलायला हवा."

भिंगरी शिडीच्या पायाशी अंग चोरून उभी होती. मॅडम शेजारी येऊन उभ्या राहिल्या. आता घंटा वाजणार, की कान ओढला जाणार?

"मी टोपी उचलून विचारत होते," त्या कुजबुजल्या, "आणि तू वाकून नमस्कार करत होतीस?"

"मला वाटलं, मॅडम, तुम्ही मला मानलं."

मॅडमच्या तोंडून एक विचित्र आवाज आला. बसलेल्या घशाने हसलं की असाच येतो. "पळाली नाहीस, शेवटी खरं बोललीस. शनिवार तुझे," त्या म्हणाल्या. "टोपण मात्र आजपासून माझ्या कपाटात."

सगळ्यात शेवटी अध्यक्षसाहेब स्टुलावर चढले. टोपण अजून त्यांच्या काखेतच होतं. त्यांनी डोळा लावला, नीट निरखून बघितलं, हं हं केलं, उतरले, चष्मा पुसला आणि कोटाची बटणं लावली.

"बरा आहे," ते म्हणाले. "पण खरं सांगू? मघाशी जास्त स्वच्छ दिसत होता."

भिंगरीने तोंड उघडलं. मॅडमने घंटेवर हात ठेवला. भिंगरीने तोंड मिटलं, आणि मग आयुष्यात पहिल्यांदाच विचार करून, हळू आवाजात म्हणाली,

"हो साहेब. मघाशी हवा चांगली होती."